पाण्याचा दिवस आणि हरकतींची मुदत



महानगरपालिकेच्या कोणत्याही योजनेची जाहीर सूचना एकदा काढून वाचा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात ती असते आणि तिच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : ज्या नागरिकांना हरकती किंवा सूचना नोंदवायच्या असतील त्यांनी त्या मुदतीच्या आत, कार्यालयीन वेळेत, लेखी सादर कराव्यात. नकाशा कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने लोकांना विचारण्याचे काम इथे पुरे होते.

आता उस्मानपुऱ्यातली, पीरबाजारच्या मागच्या एखाद्या गल्लीतली बाई डोळ्यांसमोर आणा. तिच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या गॅपने येते आणि तो तिचा 'पाण्याचा दिवस' असतो. त्या दिवशी कामावर खाडा होतो किंवा ती उशिरा पोचते आणि बोलणी खाते. लग्नाला, दवाखान्यात, माहेरी जायचे तेही पाण्याचा दिवस सोडून. कार्यालयीन वेळ हीच तिची धुण्याभांड्यांची वेळ. नकाशा तिला वाचता येत नाही (आपल्यातल्या शिकलेल्यांनाही तो फारसा वाचता येतो असे नाही). आपल्या घरावरून रस्ता जाणार आहे हे तिला भिंतीवर खुणा करणारी माणसे येतात तेव्हा कळते. तोवर मुदत संपलेली असते आणि फायलीत शेरा पडलेला असतो की या भागातून हरकत आली नाही.

या विषयावर आताच लिहायला कारण आहे. औरंगाबाद महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तेव्हा करोनाची साथ होती, निवडणूक पुढे गेली ते समजण्यासारखे होते. पण साथ ओसरली, शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक झाली, तरी महापालिकेची होईना. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकून पडला. अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणार तेच आणि सर्वसाधारण सभेच्या जागी त्याला मंजुरी देणारही तेच. यात कुणा व्यक्तीचा दोष काढायचा नाही. पण याच काळात शहराच्या पुढच्या कित्येक वर्षांचे निर्णय झाले. १,६८० कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दारात जाऊन बायकांनी रिकामे हंडे वाजवावेत असे कुणी निवडून आलेलेच नव्हते.

आता सभागृह आले आहे आणि निम्म्या जागांवर बायका आहेत. याचा आनंद आहेच. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या, त्यामागे आपल्या चळवळीचा रेटा होता. पण नगरसेविका निवडून आली की आपले काम झाले, ही समजूत आपल्यालाच महागात पडली आहे. एका प्रभागात चार सदस्य. नळाचे विचारायला गेले की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नगरसेविकेच्या फोनवर तिचा नवरा बोलतो, हेही आपण पाहत आलो आहोत. ती बिचारी एकटी पडते, कारण तिच्यामागे तिच्या मतदारणींनी जमवलेली माहिती नसते. तिच्याजवळ असते ती अधिकाऱ्याने दिलेली आकडेवारी आणि पक्षाने दिलेला आदेश.

विचारले न जाण्याची किंमत काय असते, हे या शहराने समांतर जलवाहिनीच्या वेळी मोजली आहे. जुन्या कार्यकर्त्यांना ही कथा पाठ आहे, पण गटांत नव्याने आलेल्या मुलींसाठी ती सांगितली पाहिजे. शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्या शहराला पुरेनाशा झाल्या, म्हणून त्यांना समांतर अशी मोठी वाहिनी टाकायचे ठरले. सरकारी निधी आला, पण योजना खाजगी भागीदारीतून करायची असा निर्णय झाला. २०११ मध्ये करार झाला. वीस वर्षांसाठी शहराची पाणीव्यवस्था, अगदी बिलाच्या वसुलीपर्यंत, एका कंपनीकडे जाणार होती आणि बदल्यात चोवीस तास पाण्याचे आश्वासन होते. १ सप्टेंबर २०१४ ला कंपनीने ताबा घेतला. मोठी जलवाहिनी काही झाली नाही, पाणीपट्टी मात्र वाढत गेली. नागरिकांच्या समित्या, कामगार संघटना, काही नगरसेवक यांनी कराराचे कागद बाहेर काढून वाचायला सुरुवात केली, मोर्चे निघाले, न्यायालयात दावे झाले. जून २०१६ मध्ये सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला. पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपयांपर्यंत पोचली होती. ती निम्मी करायला २०२२ साल उजाडले. मधल्या सगळ्या वर्षांत ज्यांनी बिले भरली त्यांनी न आलेल्या पाण्याचे पैसे भरले.

खाजगीकरण वाईट की चांगले हा वाद आपण पुष्कळ केला आहे आणि आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. आज मुद्दा वेगळा आहे. चोवीस तास पाणी हे आश्वासन कुणाच्या मागणीवरून ठरले? गटांच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की बायका काय म्हणतात ते आठवा. चोवीस तास द्या असे क्वचितच कुणी म्हणते. त्यांचे म्हणणे साधे असते : वार ठरवा, वेळ ठरवा, ती दिवसाची ठेवा, आणि मोटार न लावता पाणी चढेल एवढा जोर असू द्या. रात्री दोन वाजता येणारे पाणी भरण्यासाठी जागी राहणारी बाई सकाळी सहाला पुन्हा उठते. 'येणार' म्हणून दिवसभर थांबावे आणि येऊ नये, हे पाणी न येण्याहून वाईट. या मागणीला हजारो कोटी लागत नाहीत. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक लागते, ते पाळण्याची शिस्त लागते आणि बदल झाला तर आदल्या दिवशी सांगण्याची रीत लागते. पण ही मागणी कोणत्याही अहवालात सापडणार नाही, कारण अहवाल लिहिणाऱ्यांनी पाणी भरणाऱ्यांना विचारलेले नसते.

त्यांचे मोजमापच निराळे असते. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर. एकूण उपसा भागिले लोकसंख्या असा हिशेब केला की सरासरी निघते. त्या सरासरीत गॅप बुडून जातो. एकाच लाइनीवर पुढे अपार्टमेंटची जमिनीतली टाकी असते आणि मागच्या गल्लीत दोन ड्रम असलेले घर. टाकीवाल्यांना चार दिवसांचा गॅप जाणवत नाही. ड्रमवालीला तिसऱ्या दिवशी शेजारी मागावे लागते. बाईचे किती तास पाण्यात गेले, किती खाडे झाले, मुलगी शाळेतून किती दिवस घरी राहिली, जारवर आणि टँकरवर घरखर्चातले किती गेले, पाण्यावरून नवऱ्याशी आणि शेजारणीशी किती भांडणे झाली, यातले काहीच सरासरीत येत नाही. बाईच्या वेळेला बाजारात भाव नाही म्हणून तो फुकट धरला जातो, हे आपण घरकामाच्या संदर्भात वर्षानुवर्षे म्हणत आलो. पाणीपुरवठ्याच्या संदर्भात ते तितक्याच जोराने म्हटलेले नाही.

तक्रारवहीचेही तसेच आहे. नळजोडणी घरमालकाच्या नावावर, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर. भाडेकरूचे नाव कुठेच नाही. आता तक्रार मोबाइलवर करायची सोय झाली आहे असे सांगतात. त्यासाठी येणारा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन नवऱ्याच्या खिशात कामावर गेलेला असतो. मग तक्रारींचे आकडे काढून कुणी म्हणाले की या भागातल्या बायकांची पाण्याबद्दल तक्रार नाही, तर कागदावर ते खरेच ठरते.

या शहरातले लोक उदासीन आहेत, त्यांना हरकत नोंदवायचीच नसते, असे अधिकारी म्हणतात तेव्हा हसू येते. २०२३ मध्ये शहराच्या नामांतरावर हरकती मागवल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी लाखांच्या संख्येने अर्ज आले. कार्यालयांत गठ्ठे लागले. म्हणजे अर्ज लिहिणारे हात या शहरात आहेत. ते हात पाण्याच्या करारासाठी, आराखड्यासाठी कुणी गोळा केले नाहीत. पक्षांनी केले नाहीत, आणि खरे बोलायचे तर आपल्या संघटनांनीही पुरेसे केले नाहीत.

न विचारल्यावर माणसे शेवटी रस्त्यावर येऊन उत्तर देतात. नारेगावच्या कचरा डेपोचे उदाहरण ताजे आहे. तीसएक वर्षे शहराचा कचरा तिथे पडत होता. आसपासच्या गावांच्या विहिरी नासल्या, माश्यांनी आणि धुराने जगणे नकोसे झाले. कितीदा आश्वासने मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग लागले. मग पर्यायी जागेचा शोध सुरू झाला, तोही कुणाला न विचारता. ७ मार्चला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, मिटमिट्यात गाड्या पेटल्या, लाठीमार झाला, पोलिसांनी घरांत शिरून बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. एका वस्तीचा कचरा दुसऱ्या वस्तीच्या दारात टाकणे हे धोरण नव्हे, एवढे समजायला शहराला तीस वर्षे आणि एक दंगल लागली. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे काम त्यानंतर पुन्हा कुणाच्या अंगावर पडले, हे सांगायला नकोच.

पाण्याबाबत तर भीती आणखी मोठी आहे. आपल्या शहरात कुणाच्या वस्तीला जास्त पाणी जाते ही अफवा फार लवकर जातीची आणि धर्माची होते. मे २०१८ मध्ये जुन्या शहरात दंगल उसळली, दोन जीव गेले. बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईवरून झालेला वाद हे तिचे एक तात्कालिक कारण सांगितले गेले. दंगलीला अनेक कारणे असतात आणि करवून घेणारेही असतात. पण व्हॉल्व्हचे वेळापत्रक भिंतीवर लागलेले असते, कोणत्या टाकीवरून कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी जाते हे सगळ्यांना ठाऊक असते, तर अफवेला जागा कमी राहिली असती. उस्मानपुऱ्यात गुरुद्वाराजवळ राहणारी, पीरबाजारात राहणारी आणि एकनाथ रंगमंदिराच्या बाजूला राहणारी अशा तिघींनी आपापल्या घरी पाणी किती वाजता आले हे एका कागदावर लिहिले तर जे कळेल, ते आजवर कुणाला सलग कळलेले नाही.

असे काम मराठवाड्यात झालेले आहे, म्हणून हे केवळ स्वप्नरंजन नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे, १५ तालुके आणि २२५ गावे होती. त्या पाचांत तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा होता. गावातल्या समितीने, त्यात बायका, आशा, पंचायतीचे सदस्य, आरोग्यसेवेची तपासणी करायची : नर्सबाई येतात का, लसीकरणाचा दिवस पाळला जातो का, प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण होते का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, पैसे मागतात का. उत्तरांवरून रंगीत प्रगतिपत्रक तयार व्हायचे. लाल, पिवळे, हिरवे. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपल्या गावाचा रंग कळे. मग जनसुनवाई. डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी समोर, गावकरी समोर. पहिल्या सुनावण्या तंग झाल्या, अधिकारी चिडले. पण पुढच्या फेऱ्यांत अनेक ठिकाणी लाल रंग कमी झाला, कारण तपासणी एकदाच नव्हती, पुन्हा होणार होती. शहरात अशी सोय आजवर कायमची कुणी केलेली नाही. १९९४ मध्ये बंगळूरच्या एका संस्थेने नागरिकांकडून पाणी, वीज, टेलिफोन अशा सेवांना गुण देवविले आणि ते वर्तमानपत्रात छापवले तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याच डिसेंबरात राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेऊन पंचायतीच्या कामांच्या हजेरीपटाचे जाहीर वाचन केले. माहितीचा अधिकार पुढे आला तो अशा वाचनांतून. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये तो कायदा केला.

पुण्याच्या महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली, तीही पाहण्यासारखी आहे. अर्ज भरून वस्तीतले काम सुचवता येते. पण त्यात सुचवता येते ते बाकडे, पदपथ, दिवे. शहराचे पाणी कोणत्या अटींवर कुणाला द्यायचे, उड्डाणपूल आधी की बसगाड्या आधी, हे त्या अर्जात मावत नाही. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये ज्या प्रयोगाने ही कल्पना जगभर गेली, तिथे लोक खर्चाचा क्रम ठरवीत होते. आपल्याकडे येताना त्यातला क्रम गळाला आणि बाकडे उरले.

सूचना आणि निर्णय यांतला हा फरक आपल्या राज्यातच एका ठिकाणी स्पष्ट दिसतो. २००८ च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घ्यावे लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. अट जाचक आहे. झालेल्या मतांच्या नव्हे तर यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्या, आणि यादीत मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या सगळ्या असतात. तरीही इथे बाईचे मत फायलीत जोडून ठेवायची सूचना नाही. ते मत आहे आणि त्याला फळ आहे. गावातही ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. शहरातल्या बाईसाठी मात्र अशी कोणतीच सभा नाही. २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद झाली, काही बूथमागे लोकांनी जमावे, कामे सुचवावीत, झालेल्या कामांची विचारपूस करावी असा तिचा आशय. आपल्या भागात अशी सभा भरली होती का, हा प्रश्न गटाच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नवी नळजोडणी किती दिवसांत मिळावी याची मुदत ठरली. जोडलेल्या नळाला पाणी वेळेवर यावे हा हक्क मात्र त्यात बसलेला नाही.

सहभागाचे गोडवे गाताना दोन धोके लक्षात ठेवायला हवेत. पहिला असा की सहभाग म्हणजे बायकांची फुकट मजुरी, असा अर्थ सरकारी यंत्रणा फार सहज लावते. बचत गटांना सर्वेक्षणाला जुंपले जाते, स्वच्छतेच्या फेऱ्यांना पुढे उभे केले जाते, मंत्र्यांच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरायला आणले जाते, आणि याला लोकसहभाग म्हणतात. निर्णयाची बैठक मात्र वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत. माहिती गोळा करायची असेल तर तिचे मानधन द्या. बैठक बोलवायची तर पाण्याचा दिवस टाळून, संध्याकाळी, वस्तीत बोलवा आणि लहान मुलांना सांभाळायची सोय करा. हे मागायला संकोच नको. अधिकाऱ्यांच्या बैठकीला चहाबिस्किटांचा खर्च मंजूर असतोच.

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. सेवेचे मूल्यमापन करायला निघालो की पहिला सापडतो तो लाइनमन, सफाई कामगार, आशा, अंगणवाडी सेविका, म्हणजे सर्वांत खालचा माणूस, आणि फार वेळा ती बाईच असते, कंत्राटी असते. व्हॉल्व्ह उशिरा उघडला म्हणून लाइनमनला शिव्या घालणे सोपे असते. तो तीन जणांचे काम एकटा करतो आहे का, जायकवाडीवर वीज गेली होती का, टाकी भरलीच नव्हती का, हे विचारायला एक पायरी वर चढावे लागते. आपले प्रगतिपत्रक तिथेच थांबले तर एखाद्या कंत्राटी कामगाराची नोकरी जाईल आणि पाणी तसेच राहील. म्हणून आपल्या प्रश्नांत कामगारांचेही प्रश्न असावेत, आणि शक्य तिथे त्यांच्या संघटनेला आधी भेटून ते काढावेत. लाइनमनइतके शहराचे पाणी कुणाला माहीत नसते, अभियंत्यालाही नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक असतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पाणीपुरवठा तांत्रिक विषय आहे, सगळ्यांना विचारत बसले तर काम उभे राहणार नाही, आधीच योजना रेंगाळली आहे असे म्हणणारे काही खलपुरुष नाहीत. जलवाहिनीचा व्यास २,५०० मिलिमीटर असावा की कमी, हे बायकांच्या सभेत ठरवावे असे कुणी म्हणत नाही. पण नवी टाकी आधी कोणत्या भागात बांधायची, गॅप कमी होईल तो कुणाचा आधी, मीटर लावायचे तर एका नळावर चार बिऱ्हाडे असलेल्या वाड्यात बिल कुणी भरायचे, बिल थकले तर नळ तोडायचा का, हे तांत्रिक प्रश्न नाहीत. हे न्यायाचे प्रश्न आहेत आणि ते अभियंत्याच्या टेबलावर निमूटपणे सुटतात तेव्हा जिच्याजवळ टाकी आहे तिच्या बाजूने सुटतात. आणि न विचारता काम लवकर होते म्हणावे तर समांतरची दहा वर्षे कुठे गेली? १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत लाटणी घेऊन निघालेल्या बायकांनाही अर्थशास्त्र कळत नाही असे सांगितले गेले होते. रॉकेल किती मिळते आणि किती लागते, एवढे त्यांना कळत होते.

तेव्हा करायचे काय. महापालिकेच्या कायद्यात प्रभाग समितीवर त्या भागातल्या स्वयंसेवी व वस्तीपातळीच्या संस्थांचे तीन जणांपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आहे. नव्या सभागृहात या समित्या बसताना त्या जागा पक्षाच्या रुसलेल्या कार्यकर्त्यांना वाटल्या जातील, हा अनुभव आहे. प्रत्येक झोनमध्ये त्यांतली एक जागा वस्तीतल्या महिला गटाला मिळावी, असे निवेदन आपण आत्ताच द्यायला हवे, समित्या बसल्यावर नव्हे. व्हॉल्व्हचे वेळापत्रक झोन कार्यालयात आणि वस्तीत लावा, अशी मागणी माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली करता येते. त्या कलमात अशी माहिती न मागता जाहीर करायची आहे, दहा रुपयांचे तिकीटही लागू नये. नव्या योजनेतल्या टाक्या कोणत्या क्रमाने सुरू होणार याची यादी मागायची. अंदाजपत्रकाच्या सभेआधी नगरसेविकांना गाठायचे, त्यांच्या नवऱ्यांना नव्हे, आणि त्यांच्या हातात आपले कागद द्यायचे.

ते कागद म्हणजे पाण्याची वही. घरात जी पाणी भरते तिनेच ती ठेवायची, मग ती सून असो की शाळेतली मुलगी. रकाने मोजके : पाणी कोणत्या तारखेला आले, किती वाजता आले, किती वाजता गेले, मोटार लावावी लागली का, घरात कोण जागे राहिले, कुणाचा खाडा झाला, जार-टँकरला किती गेले. नाव लिहायची गरज नाही, गल्ली पुरे. लिहिता येत नसेल तिने शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यावे किंवा कॅलेंडरवर खूण करावी. लाइनमनदादाने उशीर का झाला ते सांगितले तर तेही टिपावे, त्यांचे नाव मात्र नको. तीन महिन्यांच्या वह्या एकत्र वाचायला बसू तेव्हा त्यात कोणता रंग भरायचा ते ठरवू.

सुरुवात उस्मानपुऱ्यातल्या काही गल्ल्यांपासून करतो आहोत. सिडको-हडकोच्या, मिटमिट्याच्या आणि जुन्या शहरातल्या गटांनीही ती करावी, म्हणजे तुलना करता येईल. छापील वही निघेल तेव्हा निघेल. तोवर मुलांच्या दप्तरातली अर्धी उरलेली वही चालेल. पुढच्या पाण्याच्या दिवसापासून लिहायला लागा.

— संपादक मंडळ